चौदा पायऱ्या आणि घोटीची वही

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा कंट्रोल रूममध्ये. समोरच्या पॅनलवर एखादा दिवा लाल झाला की तो का झाला हे मी खुर्चीतून न उठता सांगत असे, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघत असे. हे मी स्वतःची टिमकी वाजवायला सांगत नाही. खरं म्हणजे त्यासाठीच सांगतो आहे, कारण पुढची हकीकत ऐकल्यावर माझ्याजवळ वाजवायला काही उरणार नाही. अशा माणसाला स्वतःच्या घरात, माडीवरच्या कॉम्प्युटरमधला फोटो खाली ओसरीवरच्या लॅपटॉपवर दाखवता येऊ नये आणि त्यापायी आठवडाभर अख्ख्या गल्लीकडून शहाणपण ऐकून घ्यावं लागावं, हे सोसायला मोठं काळीज लागतं. माझं मध्यम आहे.

आमचं घर पंचवटीत. वाडाबिडा मनात आणू नका. पंच्याऐंशी साली बांधलेलं साधं दोन मजली स्लॅबचं घर. खालच्या ओसरीवर आमचे थोरले बंधू नाना बसतात. घराण्यात तीर्थोपाध्यायाची वृत्ती. रामकुंडावर येणाऱ्या यजमानांचे विधी करायचे आणि त्यांची नावं वहीत लिहून घ्यायची. प्रत्येक गावची, नाहीतर आसपासच्या गावांची मिळून, वही वेगळी. कोण आलं, कुणाचा मुलगा, कुणाचा नातू, सोबत कोण होतं, कशासाठी आले. नाना ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि साठ वर्षं हे काम करताहेत. जुन्या नोंदी मोडीत आहेत आणि ती मोडी आता घरात फक्त त्यांना वाचता येते. मी त्यातला नालायक निघालो आणि वीज बनवायला गेलो.

आमच्याकडे पुराची मोजपट्टी ठरलेली आहे. गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की चपला वर न्यायच्या, छातीला लागलं की वह्या. एका वर्षी पाण्यानं छातीचा मुक्काम घेतलाच नाही, सकाळी गुडघ्याला होतं ते दुपारी थेट डोक्यावरून. आम्ही वह्या वर नेल्या, पण एक गठ्ठा ओसरीच्या फडताळात राहिला. त्यात घोटीकडच्या गावांची वही होती. पाणी ओसरल्यावर तिचा लगदा हातात आला. नानांनी तो रीतसर गंगेत सोडला आणि दोन दिवस जेवले नाहीत.

पण आमच्या हिनं, म्हणजे सुधानं, त्याच्या आदल्याच वर्षी सगळ्या वह्यांच्या पानापानाचे फोटो काढून माडीवरच्या कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवले होते. दोन वर्षं दुपारची झोप सोडून तिनं ते काम केलं. तेव्हा मी तिची थट्टा केली होती, हे इथं कबूल करतो.

म्हणजे घोटीची वही आता फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये उरली. आणि इथं आमच्या घराचा नियम आडवा आला. आजोबांनी एकदा चुलतभावाला एका वहीची नक्कल करून दिली होती. दोन वर्षांत दोन्ही वह्यांत निरनिराळ्या नोंदी झाल्या. एका वहीत जिवंत असलेला माणूस दुसऱ्या वहीत वारलेला, आणि नेमका तोच यजमान ओसरीवर येऊन ‘मी मेलो कधी’ म्हणून जाब विचारायला लागला. तेव्हापासून आमच्याकडे वही एक, जागा एक, नक्कल नाही. सुधाच्या फोटोंकडे नानांनी तेवढा काणाडोळा केला होता. पुरानंतर नानांनी जाहीर केलं, “आता माडीवर आहे तीच वही. बघायला हरकत नाही, हजारदा बघा. पण उचलून दुसरीकडे ठेवायची नाही.”

हा नियम लक्षात ठेवा. कारण इथून पुढे या हकीकतीत येणारा प्रत्येक माणूस मला विचारणार आहे, “मग पेनड्राइव्हवर का नाही घेत?”

पाच वर्षं काही अडलं नाही, कारण नाना जिना चढत होते. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. कॉम्प्युटर खाली आणावा, तर त्याचंही वय झालेलं. दुरुस्तीवाला त्याचं झाकण उघडून बराच वेळ आत बघत राहिला आणि म्हणाला, “साहेब, चालू आहे तोवर चालू आहे. हलवू नका.” असं बोलणारे डॉक्टर मी पाहिलेत, आणि त्यानंतर नातेवाइकांना बोलावतात हेही पाहिलंय. तर नाना चढू शकत नाहीत, कॉम्प्युटर उतरू शकत नाही आणि मध्ये चौदा पायऱ्या.

त्या शनिवारी कुसाबाई आल्या. सायखेड्याच्या, सत्तरीच्या, सोबत नातू रोहित. त्यांनी नानांना वाकून नमस्कार केला आणि भिंतीला टेकून बसल्या.

“महाराज, माज्या आईचं नाव पाह्यजे.”

नानांनी सवयीनं विचारलं, “गाव?”

“सायखेडं.”

“ते सासर. माहेर?”

“घोटीकडलं. पर माहेर म्हनावं आसं ऱ्हायलं कुटं? मी पाळन्यात आसताना आई गेली. बापानं दुसरी केली. त्या घरात आईचं नाव काढायची सोय नव्हती. समदे तिला ‘पहिली’ म्हनायचे. मी पहिलीची पोर. बाप बी गेला, सांगनारं कोनी ऱ्हायलं नाय. कागद नाय, फोटू नाय.”

मग रोहितनं खुलासा केला. त्याला मुलगी झाली होती. बारसं पुढच्या रविवारी. पत्रिकेवरून अक्षर निघालं होतं, आरोही हे नाव ठरलं होतं. पण आजीचा हट्ट होता की पोरीच्या कानात आपल्या आईचं नाव सांगायचं, आणि ते नाव आजीलाच माहीत नव्हतं.

“बाप एक डाव आईला घिऊन शिवस्ताला आल्ता, आसं मावळन म्हनायची,” कुसाबाई म्हणाल्या. “तुमच्या वहीत आसंल, तर आसंल.”

सिंहस्थाला आला असेल तर नोंद आहे, यात नानांना शंका नव्हती. फक्त ती घोटीच्या वहीत होती, घोटीची वही माडीवर होती आणि नाना खाली होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “यशू, तू इंजिनिअर ना?” आणि कुसाबाईंना म्हणाले, “शुक्रवारी या. हा वरचं खाली दाखवेल.”

मोठ्या भावानं पासष्ट वर्षांत पहिल्यांदाच आपल्या शिक्षणाचा असा जाहीर उल्लेख केला, तर माणूस काय म्हणेल? मी म्हणालो, “त्यात काय, पाच मिनिटांचं काम आहे.”

लॅपटॉपविषयी थोडं सांगायला हवं. तो दसऱ्याला घेतलेला. नानांनी त्याची पूजा केली, झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडू वाहिला, अक्षता टाकल्या. त्यातला एक तांदूळ एका बटणाखाली जाऊन बसला आणि ते बटण आजही कुरकुरतं. दुकानातून आलेला माणूस सगळं जोडून देत होता. त्यानं विचारलं, “नाव काय टाकू?” नाना म्हणाले, “आधी श्री लिहा.” कारण आमच्याकडे श्री लिहिल्याशिवाय कागदावर दुसरं अक्षर उमटत नाही, किराण्याच्या यादीवरसुद्धा. त्यानं इंग्रजी अक्षरांत श्री लिहिलं आणि पुढचं काही सांगायच्या आत बटण दाबून मोकळा झाला. चौदा वर्षांपूर्वी माडीवरचा कॉम्प्युटर आला तेव्हा पाडवा होता, माणूस दुसरा होता, पण नाना हेच होते.

रविवारी मी व्हिडिओ बघून कामाला लागलो. ते पाच मिनिटांचं काम त्या व्हिडिओत बावीस मिनिटांचं होतं. त्यातला माणूस सांगत होता की दोन्ही मशीनवर सारखंच सगळं करा. मी शिस्तीचा माणूस. माडीवर सुधानं फोटोंच्या फोल्डरला ‘नामावळी’ नाव दिलेलं होतं, म्हणून खालीही ‘नामावळी’ नावाचा फोल्डर केला. वर जाऊन एक खूण करायची, खाली येऊन तीच खूण करायची. दुपारपर्यंत मी तो जिना सोळा वेळा चढलो. लॅपटॉपच्या कोपऱ्यात मधूनमधून एक सूचना उगवत होती. ती गेले कित्येक महिने उगवत होती आणि मी ती न वाचता बंद करत होतो, घरपट्टीच्या सवलतीची जाहिरात बंद करावी तशी. संध्याकाळी लॅपटॉपनं मला कळवलं की नेटवर्कवर दुसरं कुणीही नाही.

शेजारचे गोरक्ष ओट्यावरून हे सगळं बघत होते. त्यांचं विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांचं निदान एकच असतं.

“काका, अर्थिंग बघा.”

“अहो गोरक्ष, हे वायफायचं आहे. त्याला तारच नाही.”

“तार नाही म्हणूनच अर्थिंग पाहिजे. आणि काका, पेनड्राइव्हवर का नाही घेत?”

एकलहऱ्याच्या कंट्रोल रूममध्ये अकरा वर्षं काढलेल्या माणसाला अर्थिंग शिकवणं म्हणजे काय, हे त्या भल्या माणसाच्या गावीही नव्हतं. मी स्मित केलं. त्या स्मिताला त्यांनी होकार मानलं आणि तासाभरात ते पहार, कोळसा आणि मीठ घेऊन हजर झाले. तुळशीशेजारी खड्डा झाला. आणि खड्डा केल्यावर दिसलं की आमच्या घराची अर्थिंगची पट्टी गंजून मधोमध तुटली आहे. सुधा गेली चार वर्षं सांगत होती की फ्रिज उघडताना हाताला झिणझिण्या येतात, आणि मी तिला तो मनाचा खेळ असल्याचं समजावत होतो. नवी पट्टी बसली, झिणझिण्या थांबल्या. लॅपटॉपला अजूनही दुसरं कुणी दिसत नव्हतं. सुधानं गोरक्षांना दोनदा चहा दिला आणि माझ्याकडे एकदा बघितलं.

सोमवारी मी इंटरनेट कंपनीला फोन केला. वीस मिनिटं सनई ऐकल्यावर एक मुलगा बोलायला लागला.

“सर, इंटरनेट चालू आहे ना?”

“चालू आहे. पण मला इंटरनेट नकोच आहे.”

“नको आहे, सर?”

“नकोच. बाहेरच्या जगाशी मला काही करायचं नाही. माझं सगळं घरातल्या घरात आहे.”

“समजलं, सर. आणखी काही मदत?”

इतका समजूतदार मुलगा मिळाल्याचा आनंद मला मंगळवार सकाळपर्यंत पुरला. मंगळवारी सकाळी ‘आपली सेवा बंद करण्याची विनंती स्वीकारली आहे’ असा निरोप आला आणि पाठोपाठ एक माणूस आला. तो शिडी लावून भिंतीवरची वायफायची पेटी काढायला लागला. मी त्याला नियम, ग्राहकाचे हक्क, माझी ज्येष्ठता सगळं सांगितलं. तो म्हणाला, “कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?” कनेक्शन नानांच्या नावावर होतं. “मग तुम्ही कोण?” त्यानं विचारलं. पेटी गेली, आणि पेटीबरोबर दोन यंत्रांनी एकमेकांना दिसण्याची उरलीसुरली शक्यताही गेली.

विनंती मागे घ्यायची तर नानांच्या मोबाइलवर आलेला आकडा दहा मिनिटांत कळवायचा होता. नानांचा मोबाइल देवघरात, बटणांचा, आणि नाना संध्येत. संध्या आटोपून त्यांनी चष्मा शोधून आकडा वाचेपर्यंत तो शिळा व्हायचा. असं तीनदा झाल्यावर कंपनीनं ठरवलं की ग्राहकाचा अंगठाच घ्यायचा, आणि बुधवारी शुभांगी नावाची मुलगी यंत्र घेऊन घरी आली.

नानांचा अंगठा यंत्राला पटेना. साठ वर्षं पाण्यात आणि दर्भात घासलेला तो अंगठा, त्यावर रेघ म्हणून उरली नव्हती. कोमट पाणी झालं, खोबरेल तेल झालं, कापूस झाला. सातव्यांदा यंत्रानं ‘ही व्यक्ती जुळत नाही’ असं सांगितलं तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, “बाळ, मूळ गाव कोणतं तुमचं?”

“चांदोरी.”

“पणजोबांचं नाव?”

तिला आजोबांपुढे येत नव्हतं. नानांनी मला चांदोरीची वही काढायला सांगितली. ती पुरातून वाचलेली. दहा मिनिटांत शुभांगी स्वतःच्या खापरपणजोबांच्या हातची सही बघत होती. मोठी वेलांटी, ठसठशीत शाई. तिनं यंत्र बाजूला ठेवलं. मग तिनं ऑफिसला फोन लावला. “ग्राहक माझ्यासमोर बसलेत. हो, मी ओळखते त्यांना. आणि ते मला माझ्याहून जास्त ओळखतात.” दुपारी पेटी परत भिंतीवर आली. जाताना तिनं माझी अडचण विचारली, नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, “काका, पेनड्राइव्हवर का नाही घेत?”

मधल्या वेळात गोरक्षांनी एक सोपा उपाय काढला होता, नानांनाच वर न्यायचा. प्लॅस्टिकची खुर्ची, पुढे ते, मागे मी. चौथ्या पायरीवर माझ्या पाठीनं राजीनामा दिला. नाना खुर्चीत अधांतरी बसून म्हणाले, “यशू, हे माझं शेवटचं वाहन आहे असं वाटतंय. उतरव.” आम्ही उतरवलं.

गुरुवारी शेवटचा उपाय म्हणून नानांच्या मुलीला, तेजश्रीला, पुण्याला फोन लावला. ती कॉम्प्युटरच्याच क्षेत्रात आहे. तिला आधीच विचारायचं सोडून मी आठवडाभर काय करत होतो, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तो तिच्याही मनात आला आणि तिनं तो विचारला. मी म्हणालो, आवाज नीट येत नाही.

पेनड्राइव्हविषयी तिनं चकार शब्द काढला नाही, वडिलांना ती ओळखते. तिनं मला कुठं कुठं खुणा काढायच्या, कुठं करायच्या ते सांगितलं. मग म्हणाली, “आता वरच्या कॉम्प्युटरचं नाव काय आहे?”

“श्री.”

“खालच्या लॅपटॉपवर दोन तिरप्या रेघा टाका आणि पुढे श्री लिहा.”

मी लिहिलं. क्षणभर चक्र फिरलं आणि पडद्यावर फोल्डर आला, नामावळी.

“आलं!” मी इतक्या जोरात ओरडलो की गोरक्ष पहार घेऊन आले. तेजश्रीनं फोनवरूनच शाबासकी दिली आणि तिची मीटिंग सुरू होत होती म्हणून फोन ठेवला. मी पेढे आणले. गल्लीत सात घरी दिले. कंट्रोल रूममधला एक किस्साही सांगितला, तोच जो मी नेहमी सांगतो. मग नाना म्हणाले, “उघड बघू.” मी उघडलं. आत काहीही नव्हतं.

सुधाच्या हातातली पेढ्यांची ताटली तशीच राहिली. दोन वर्षांच्या दुपारी, हजारो पानं, आणि पडद्यावर पांढरं. ती जिना चढून वर गेली. मी ओसरीवर उभा राहिलो. वरून तिचा आवाज आला, “इथं आहेत सगळी!” आणि मी खाली बसलो. पानं वर होती. खाली मात्र त्याच नावाचा रिकामा फोल्डर होता, कितीही वेळा उघडला तरी रिकामाच.

शुक्रवारी सकाळी नऊला कुसाबाई आणि रोहित आले. कुसाबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि पिशवीत नानांसाठी शेतातली मेथी आणली होती. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि लॅपटॉपकडे बघत राहिल्या. त्यांची ती नजर माझ्याच्यानं बघवेना. मी पुन्हा दोन रेघा टाकल्या, श्री लिहिलं, फोल्डर आला, रिकामा. पुन्हा केलं, रिकामा.

“काका, पेनड्राइव्हवर...” रोहितनं सुरुवात केली आणि आम्ही तिघं एकदम “नाही!” म्हणालो.

“चुकतोय कुठं तू?” नानांनी विचारलं.

“मी चुकत नाहीये, नाना,” मी चिडून म्हणालो. “वरच्याचं नाव बरोबर टाकतोय. श्री. चौदा वर्षांपूर्वी तुम्हीच ठेवलंत.”

“बरं. आणि हा पुढ्यातला, याचं नाव काय?”

मी झाकणावरच्या स्वस्तिकाकडे बघितलं.

“याचंही श्रीच,” सुधा हळूच म्हणाली. “दसऱ्याला. मी होते की इथं.”

नानांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला. “यशू, घोटीच्या वहीत एकाच गावात सात बारकू होते. सातही जण एकाच वर्षी आले तरी माझी गफलत झाली नाही. का? कारण आम्ही नुसत्या नावावर कधी वही उघडत नाही. गाव विचारतो, बाप विचारतो. एका घरात एका नावाचे दोघं, आणि तू ओसरीवर बसून नुसती ‘श्री’ म्हणून हाक मारतोस. मग ओ कोण देणार? जवळचाच देणार!”

जवळचा. म्हणजे आठवडाभर हा लॅपटॉप मला माझंच रिकामं फडताळ उघडून दाखवत होता. तेवढ्यात कोपऱ्यात ती सूचना उगवली. आयुष्यात पहिल्यांदा मी ती वाचली. या नेटवर्कवर याच नावाचं दुसरं यंत्र आहे, असं ती बिचारी दसऱ्यापासून सांगत होती.

मी वरच्याचं नाव बदलायला उठलो. नानांनी हातानं थांबवलं. “थोरल्याचं नाव बदलत नाहीत. धाकट्याचं बदल. आणि त्याचं गाव घाल पुढे.” ते रीत म्हणून बोलले. पण माडीवरचा म्हातारा बंद करून पुन्हा चालू करावा लागला असता तर तो उठला असता की नाही, हे देव जाणे. मी लॅपटॉपचं नाव ‘श्री ओसरी’ केलं. तो म्हणाला, बंद होऊन पुन्हा चालू होतो. मी म्हणालो, हो. तो बंद झाला, चालू झाला आणि नेमकं त्याच वेळी त्याला स्वतःत सुधारणा करून घ्यायची हुक्की आली. एक टक्का. कृपया बंद करू नका.

त्या पाऊण तासात सुधानं मेथी निवडली, दोनदा चहा झाला. कुसाबाई मला म्हणाल्या, “नका जीव पाखडू, भाऊ. सत्तर वर्सं थांबले, आता ह्ये काय लय हाय व्हय?” धीर मी त्यांना द्यायचा होता.

शंभर टक्के झाले. मी दोन रेघा टाकल्या आणि श्री लिहिलं. या वेळी चक्र जरा जास्त फिरलं, चौदा पायऱ्या चढून जावं लागलं असेल. नामावळी उघडली, आणि पडद्यावर गावामागून गाव उतरायला लागलं. सुधानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी घोटीची वही उघडली. नानांनी कुसाबाईंच्या वडिलांचं नाव विचारलं, आजोबांचं विचारलं, आणि त्या सिंहस्थाची पानं एकेक करून पुढे घ्यायला सांगितली. अक्षर आमच्या वडिलांचं होतं. एकशे बाराव्या पानावर नाना थांबले. पडद्याजवळ गेले आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले. गाव, आजोबा, वडील. “सोबत भार्या भागीरथी. कन्या तान्ही, कुसा.”

कुसाबाई म्हणाल्या, “पुन्यांदा वाचा.” नानांनी वाचलं. “आजून एकडाव.” नानांनी वाचलं.

“म्हंजी मी बी आल्ते,” त्या म्हणाल्या. “तिच्या कडंवर.” आणि मग पदर डोळ्यांना लावून, “हाक मारायला नाव नव्हतं हो माज्यापाशी.”

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. चौतीस वर्षांत मी कितीतरी घरांत उजेड पोहोचवला असेन, पण तो पोहोचताना समोर बसून कधी बघितला नव्हता.

रोहितनं खिशातून मोबाइल काढला आणि पडद्यासमोर धरला. मग नियम आठवून तसाच थांबला. सगळे नानांकडे बघायला लागले. “पान इथंच राहील,” ते म्हणाले. “नाव घेऊन जा. ते तुमचंच आहे.” कुसाबाईंनी मान हलवली. त्यांना पान नकोच होतं. ओसरीवरून उतरून रिक्षापर्यंत जाताना त्या ते नाव पुटपुटत होत्या, विसरायला नको म्हणून. रिक्षा वळेपर्यंत त्यांचे ओठ हलत होते.

मी माडीवर गेलो. कॉम्प्युटर घरघरत होता. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी त्याला नमस्कार केला. मागे वळलो तर दारात सुधा उभी होती. मी तिलाही केला, आणि सात वर्षांपूर्वी की आठ, केव्हा केली होती ती थट्टा परत घेतली. मग खाली जाऊन गोरक्षांना मेथीची राहिलेली जुडी दिली. फ्रिजला हात लावून बघितला. शुभांगीला फोन करून सांगितलं, तर तिलाच आणखी एका पिढीचं नाव हवं होतं. तेजश्रीला सगळं खरं सांगितलं. ती इतकी हसली की तिची मीटिंग थांबली.

रविवारी संध्याकाळी रोहितचा फोन आला. मी तो नानांना ऐकू जाईल असा लावला. बारसं छान झालं होतं. आत्यानं एका कानात आरोही सांगितलं. मग कुसाबाईंनी पाळण्यावर वाकून दुसऱ्या कानात हाक मारली, भागीरथी.

“आजी आपल्या आईलाच हाक मारत होती, काका,” रोहित म्हणाला. “एवढ्या मोठ्यानं, की कानात सांगितलं असं म्हणताच येणार नाही. पोरगी गाढ झोपली होती. तिनं डोळे उघडले आणि हुंकार दिला.”

नानांनी चष्मा काढला आणि उपरण्यानं पुसत राहिले.

“देणारच,” ते म्हणाले. “एका नावाच्या दोघी. हाक मारली की जवळची ओ देते.”